उजवा बाण आणि सरळ नाकासमोर

कडा या गावात नवख्या माणसानं पत्ता विचारला की उत्तर मिळतं, "असंच सरळ जा, थोडं पुढं गेलं की कुणालाबी विचारा." माणूस पोचतोही. 23 सप्टेंबर 2022 ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, कड्याला स्टेशन आलं. त्या स्टेशनाचाही पत्ता कुणी मीटरमध्ये सांगायचं नाही.

हाच पत्ता बी-बॉटला सांगून पाहावा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, मधमाशीच्या रूपातला हा छोटा रोबो लहान मुलांना कोडिंग शिकवायला वापरतात. पाठीवर चार दिशांचे बाण, मधोमध 'गो'चं बटण. पुढचा बाण एकदा दाबला की 15 सेंटिमीटर. 'थोडं पुढं' त्याला कळत नाही, आणि 'कुणालाबी विचारा' ही सोय तर मुळातच नाही.

खरी गंमत वळणावर. उजवा बाण दाबला की स्वारी उजवीकडच्या चौकोनात जाईल, असं पोरं धरून चालतात. ती जागच्या जागी 90 अंशांत तोंड फिरवते, बस्स. "सर, बिघडला!" अशी आरोळी उठते. बिघडलेलं काहीच नसतं. वळल्यावर पुढं जायला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात पुसायचं बटण दाबायचं राहिलं, तर यंत्र आधी मागच्या गटाचा रस्ता चालतं, मग यांचा. त्यावरून दोन गटांत जी जुंपते, तिचा अभ्यासक्रमात उल्लेख नाही.

या सगळ्याचं मूळ 1967 सालात आहे. सेमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फोयरझाइग यांनी अमेरिकेत मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढं तिचे हुकूम पाळणारं, जमिनीवर फिरून पेननं रेघा ओढणारं यांत्रिक कासव आलं. फॉरवर्ड 100, राइट 90. चारदा केलं की चौकोन. चौकोनाऐवजी भलतंच काही उमटलं, तर पेपर्टसाहेबांचा सल्ला असा, की स्वतःच कासव व्हा आणि चालून बघा. चूक कुठल्या पावलाला झाली ते शोधायचं, तेवढंच दुरुस्त करायचं. उत्तरपत्रिकेवर लाल शाईनं आडवी रेघ मारणाऱ्या परंपरेला हे जरा जडच जातं.

आपल्याकडं अशी यंत्रं पोरांना हाताळता यावीत म्हणून 2016 पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या. निवडलेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान. पण यंत्र शाळेत येणं वेगळं आणि पोरांच्या हातात येणं वेगळं. एखाद्या शाळेत रोबो रजिस्टरमध्ये चढतो, कपाटात बसतो. किल्ली मुख्याध्यापकांकडं आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला.

अशा वेळी पेपर्टसाहेबांचा सल्ला फुकटात पडतो. फरशीवर खडूनं चौकोन आखायचे, एका पोराला रोबो करायचं, बाकीच्यांनी हुकूम सोडायचे. फक्त रोबो निवडताना वर्गातलं सगळ्यात आज्ञाधारक पोरगं टाळावं. त्याला 'पुढं' म्हटलं की सर काय म्हणतात ते ओळखून ते बरोबर जागी जातं आणि खेळाचा विचका करतं. त्यापेक्षा खोडकर बरं. 'थांब' म्हणायचं कुणाच्या लक्षात नाही, हे ओळखून ते शेजारच्या वर्गात शिरतं आणि तिथल्या मॅडमना सांगतं, "माझा प्रोग्रॅम चालू आहे."