वकीलपत्र मागे घेणाऱ्या साहेबांस

सन्माननीय वकीलसाहेब,



माझ्या अपिलाची तारीख तोंडावर आली असताना आपला निरोप पोचला : ‘वैयक्तिक कारणास्तव वकीलपत्र मागे घेत आहे. नागपूरला चांगले वकील मिळतील.’ खाली जोडलेले दोन हातही होते. एवढ्या घाईत आपण तेही विसरला नाहीत, याबद्दल प्रथम आभार.

माझ्यावरचा ठपका आपल्याला तोंडपाठ आहे. पेशंट हाती घेतला आणि घरच्यांना पुरेशी कल्पना न देता भंडाऱ्याहून नागपूरला धाडला. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत याला मनाई आहे. मी तसं केलंच नाही, हे दिल्लीत वैद्यकीय नीतिमंडळापुढे आपण पटवून देणार होतात. त्याऐवजी तसं कसं करतात, हे आपण माझ्यावरच करून दाखवलंत. असा अभ्यासू वकील मिळायला भाग्य लागतं.

बार कौन्सिलचा नियमही असाच आहे म्हणे. सबळ कारण आणि पुरेशी सूचना असल्याशिवाय घेतलेलं प्रकरण सोडू नये, आणि न केलेल्या कामाची फी परत करावी. फी आपण अजून सांभाळून ठेवली आहे. सध्या माझ्या डोक्याला इतके ताप आहेत, त्यात पैशाची जोखीम कुठे द्यायची, हा आपला कनवाळूपणा.

फाइलही आपल्याच कपाटात सुखरूप आहे. फी थकली तरी वकिलाने पक्षकाराचे कागद अडवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं. माझी तर फी थकलेलीच नाही. तेव्हा तो निकाल मला लागू नसावा, असा बारकावा आपणच काढू जाणता.

डॉक्टरने स्वतः बाजू मांडावी किंवा वकिलामार्फत, अशी नियमात सोय आहे. दोन वाटांमुळे माझा गोंधळ उडाला असता. एक आपण बंद केलीत.

आमच्याकडे ऐन रोवणीत बांधी सोडून जाणारा मजूरसुद्धा आदल्या संध्याकाळी सांगून जातो. बिचारा शिकलेला नसतो.

तक्रार कुठे करू? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याच्या कक्षेत आले. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने वकिलांना बाहेर ठेवलं. म्हणजे पेशंट मला ग्राहक आयोगात खेचू शकतो, मी आपल्याला नाही. उरली बार कौन्सिल. तिथे जायचं तर चांगला वकील गाठा, असं सगळे सांगतात. त्यांतल्या दोघांनी आपलंच नाव सुचवलं.

एकच विनंती. कधी पोट दुखलं तर संकोच न करता या. चीर दिल्यावर मला वैयक्तिक कारण आठवणार नाही. आठवलंच, तर वैद्यकीय परिषद आहे, ग्राहक आयोग आहे, पोलीस ठाणंही आहे. आपल्याला दाद मागायला कितीतरी दारं उघडी आहेत.

फाइल मात्र त्याआधी पाठवा.

आपला कृपाभिलाषी,
एक (तूर्तास) डॉक्टर, जि. भंडारा