रिपेरीकाका

लिफ्ट नसलेला तिसरा मजला, भिंतीला लोणा, संडासच्या छताला पोपडे आणि स्वयंपाकघरात काळ्या कडप्प्याचा ओटा. असला फ्लॅट बघायला आलेला सामान्य माणूस जिन्यातूनच माघारी फिरतो. रिपेरीकाकांना मात्र भरून येतं. ‘काय जागा आहे हो!’ म्हणत ते चपला काढून आत जातात.

नाव काहीही असो, कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या सोसायट्यांमधून हे गृहस्थ हमखास भेटतात. सरकारी बँकेतून व्हीआरएस घेतलेली, खिशात मेजरिंग टेप. जुना वन बीएचके घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि विकायचा, हा त्यांचा उद्योग. काका त्याला इन्व्हेस्टमेंट म्हणतात. काकू काहीच म्हणत नाहीत.

तपासणी बघण्यासारखी असते. काका रुपयाच्या नाण्याने एकेक टाइल वाजवतात. एखादी पोकळ वाजली की एजंटकडे बघून हळहळतात आणि मनात पन्नास हजार कमी करतात. मग सगळे नळ एकदम सोडून फ्लश ओढतात. जीआयचे पाइप गंजलेत हे धार बघूनच कळतं, पण काका ते मोठ्याने सांगतात, कारण मालक शेजारच्या खोलीत असतो. ओल तर त्यांना भाव पाडायला फारच उपयोगी. तीच ओल स्वतः विकताना ‘पुण्यात पावसाळ्यात कुठे नसतो हो थोडा दमटपणा?’ होते. म्हणून गिऱ्हाइकाला फ्लॅट दाखवायचा तो मे महिन्यात.

तरी एक मान्य करावं लागेल, वॉटरप्रूफिंगमध्ये काका चालढकल करत नाहीत. जुनी लादी उखडायची, राडारोडा पोत्यात भरून गवंड्याकडून रातोरात हलवायचा, कोबा घालायचा, नहाणी ट्रॅप नवा बसवायचा. मग ट्रॅपला बोळा लावून बाथरूममध्ये घोटाभर पाणी तुंबवायचं आणि अठ्ठेचाळीस तास वाट बघायची. ही वाट ते खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात बसून बघतात. प्लॅस्टिकची खुर्ची, हातात चहा, नजर छताला. त्या घरच्या सुनेला दोन दिवस अंघोळीला जायची चोरी होते. थेंब पडला नाही की काका खुशीत येऊन तिच्याकडे आणखी अर्धा कप मागतात.

हिशेबाची वही हा वेगळाच विषय. साठ लाखांच्या फ्लॅटवर पुण्यात सात टक्के म्हणजे चार लाख वीस हजार मुद्रांक शुल्क. महिलेच्या नावावर घेतला तर एक टक्का सवलत, म्हणून सगळे फ्लॅट काकूंच्या नावावर. इतक्या घरांची मालकीण असलेल्या या बाईंच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ सुतळी बांधून बंद करावा लागतो. पुढे नोंदणीचे तीस हजार, सोसायटीचा पंचवीस हजारांपर्यंतचा ट्रान्सफर प्रीमियम, दोन्ही वेळची दलाली. चोवीस महिन्यांच्या आत विकला तर नफा अल्पकालीन धरून उत्पन्नाच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. म्हणून दोन वर्षं कळ काढायची, मेंटेनन्स भरत राहायचा आणि मग साडेबारा टक्क्यांवर सुटायचं. रंगाची बिलंही काकांनी जपून ठेवलेली असतात. ‘रंगरंगोटी ही कायद्याने सुधारणा होत नाही,’ असं सीएने सांगितलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते म्हणे.

यातलं निम्मं वहीत चढतच नाही. वहीत असतं ते एवढंच: घेतला केवढ्याला, टाइल्स केवढ्याच्या, विकला केवढ्याला. भाव वाढतो तो मेट्रोमुळे आणि जागेमुळे. काकांना वाटतं, आपल्या व्हिट्रिफाइड टाइल्समुळे. फ्लॅटला नुसतं कुलूप लावून दोन वर्षं काशीला जाऊन बसले असते, तरी पदरात फारसं कमी पडलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्या तोंडावर बोलायची मात्र छाती होत नाही.

हल्ली त्यांच्यावर वेगळंच संकट आलंय. गिऱ्हाईक येतं, सॉफ्ट-क्लोज ट्रॉलीकडे ढुंकूनही बघत नाही आणि पहिलाच प्रश्न टाकतं, ‘रीडेव्हलपमेंटचं कुठवर आलंय?’ त्याला इमारत पडायला हवी असते. नवा ओटा कुणाला हवाय! २०१९च्या सुधारित सूचनांनंतर एक्कावन्न टक्के सभासदांची संमती पुरते, त्यामुळे हे संकट चटकन दारात येतं. सर्वसाधारण सभेत बाकीचे वाढीव चौरस फुटांवर भांडत असताना विरोधात एकच हात वर असतो. ‘अहो, बाथरूमची टाइल कालच बसवलीये!’

तुमचा जुना फ्लॅट विकायचा असेल तर एक सांगतो. विकण्याआधी रंग अजिबात काढू नका. पोपडे दिसू द्यात, नळ गळू द्यात. नीटनेटक्या घराकडे काका बघतही नाहीत.