साडेअकरा हजार फुटांवरची फुशारकी

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. ती मी किती मिनिटांत चढतो हे आमच्या सोसायटीत कुणी विचारत नाही. विचारायची वेळच मी येऊ देत नाही. त्यामुळे लेहला निघताना डॉक्टरांनी उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा त्या बायकोच्या आत्यांसाठीच आहेत याबद्दल मला शंका नव्हती. आत्यांनी सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, व्यायाम म्हणजे पूजेची फुलं तोडणं.

लेहला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या थुक्पा ओरपत होत्या आणि मी डोकं गच्च बांधून पडलो होतो. "जावईबापू, तुम्ही तर दर रविवारी गड चढता ना?" त्यांनी खवचटपणे विचारलं असतं तर चाललं असतं. त्या मनापासून काळजी करत होत्या.

वर प्राणवायू कमी असतो म्हणतात, ते अर्धंच खरं. हवेत त्याचा वाटा दादरला २१ टक्के, लेहलाही तेवढाच. घटतो तो हवेचा दाब. लेहच्या ३५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो, म्हणून छाती तेवढीच फुगवली तरी पदरात प्राणवायू कमी पडतो. मग श्वास वाढतो, नाडी पळते, जास्तीच्या श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड भराभरा निघून जातो आणि रक्ताचं गणित बिघडतं. ते सावरायला मूत्रपिंडं रात्रभर राबतात आणि आपण कडाक्याच्या थंडीत बाथरूमच्या वाऱ्या करतो. यात दंडांच्या घेराला कुणी विचारत नाही.

आता पोटाबद्दल. सभ्य माणसं हा विषय टाळतात, पण मला तो फार आवडतो. पुण्याहून नेलेलं चिवड्याचं पाकीट लेहला टम्म फुगतं. बाहेरचा दाब उतरला की आतली हवा पसरते, हा शाळेत घोकलेला बॉइलचा नियम. तो फक्त पाकिटालाच लागू असता तर बरं होतं. आतड्यातला वायूही त्याच हिशेबाने दीडपट होऊ पाहतो. त्यात लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे कुकर नसेल तर राजमा शिजता शिजत नाही. कच्चा राजमा आणि बॉइल एकाच तंबूत आले की मैत्र्या तुटतात. थट्टा समजू नका. १९८१ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात या वायुमुक्तीचं रीतसर वर्णन करून तिला भारदस्त नावही दिलं. ते वाचल्यापासून मी ताठ मानेने वावरलो. आपलं ते वागणं नव्हे, लक्षण!

रात्री मात्र गंमत संपली. उंचावर झोपेत श्वास लाटांसारखा चालतो: वाढत जातो, ओसरतो, काही सेकंद थांबतो, मग दचकून सुरू होतो. माझं घोरणं कधी थांबेल म्हणून इतकी वर्षं देवाला साकडं घालणारी बायको ते थांबल्यावर उठून बसली. पहाटे मला जाग आली तेव्हा तिचा हात माझ्या छातीवर होता आणि डोळे टक्क उघडे.

उंचीचा हा त्रास माझ्यासारख्या हौशींपुरता नाही. १९६२च्या भारत-चीन युद्धात मैदानी भागातले जवान पुरता सराव न होताच हिमालयाच्या उंचीवर पाठवले गेले. पुढे १९६९ साली इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी पर्वतीय आजार झालेल्या १९२५ जवानांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा आधार घेतात. ही कवायत करणारी, काटक माणसं होती. काहींच्या फुफ्फुसांत पाणी भरलं, काहींच्या मेंदूला सूज आली. हे ज्ञान त्यांच्या अंगावर लिहून मिळालेलं आहे, आणि तरीही सहलींच्या पत्रकांत 'दुसरा दिवस : खारदुंग ला' असं झोकात छापलेलं दिसतं, तेव्हा माझी खरोखर तळपायाची आग मस्तकात जाते. त्या खिंडीच्या फलकावर कैक वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. मोजणीत ती साडेसतरा हजारांच्या आसपास भरली. म्हणजे उंचीच्या बाबतीत फुशारकी मारणारा मी एकटा नाही. पण फोटोपुरतं तिथे धापा टाकत उभं राहायला साडेसतरा हजारही पुष्कळ झाले.

तेव्हा विमानाने लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस खुशाल लोळा. डोकं दुखत असेल तर आणखी वर चढू नका. नुसतं बसूनही धाप लागली, खोकला थांबेना किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर ताबडतोब डॉक्टर गाठा आणि खाली उतरा. तेव्हा हॉटेलचे भरलेले पैसे आणि ग्रुपचा मूड बघत बसू नका.