फरक समजला का?

वऱ्हाडातला ॲम्पवाला ओळखायचा तो त्याच्या कूलरवरून. अमरावती-अकोल्यात एप्रिल ते जून घरोघरी कूलर रात्रंदिवस चालतो, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पाहुणा आला की यजमान आधी कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवतो. ॲम्पवाला पाहुणा टेकला रे टेकला की कूलर बंद करतो. पंप थांबतो, पंखा थांबतो, पत्र्याची थरथर थांबते. मग तो गिटार मांडीवर घेऊन ई मायनरचा एकच कॉर्ड छेडतो आणि तो पुरता विरेपर्यंत तळहात वर धरून बसतो. नंतर ॲम्पच्या मागे हात घालून काहीतरी बदलतो, तोच कॉर्ड पुन्हा वाजवतो आणि विचारतो, "फरक समजला का?"

फरक समजलेला नसतो. पाहुण्याच्या मानेवरून घाम ओघळत असतो. "हाव ना भाऊ, भल्लाच फरक आहे," असं म्हटल्याशिवाय कूलर सुरू होत नाही, हे एकदा येऊन गेलेल्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे या प्रयोगांचे निष्कर्ष उन्हाळ्यात फार अनुकूल येतात. हिवाळ्यात मतभेद होतात.

अमरावतीच्या राठीनगरापासून अकोल्याच्या जठारपेठेपर्यंत या माणसाची तुरळक वस्ती आहे. वय चाळीस ते पंचावन्न. नोकरी बँकेत, जिल्हा परिषदेत, नाहीतर पॉलिटेक्निकात. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कधीकाळी चौघांचा बँड होता. त्यातला ड्रमवाला पुण्याला गेला, बास वाजवणारा नागपुरात सासऱ्यांच्या दुकानात बसतो आणि गाणारा आता फक्त वाढदिवसांना कराओकेवर गातो. गावात राहिला तो गिटारवाला. ॲम्प त्याच्याकडे फार उशिरा आला, बँड मोडून वीसएक वर्षं झाल्यावर.

हा ॲम्प बहुधा फेंडरचा '६५ डिलक्स रिव्हर्ब' असतो आणि तो अमेरिकेतल्या भाच्याने आणलेला असतो. वजन जवळपास १९ किलो. विमानात एका नगाला २३ किलो चालतात. उरलेल्या ४ किलोंत भाच्याने स्वतःचे कपडे आणि मामीची चॉकलेटं बसवलेली असतात. मूळ डिलक्स रिव्हर्ब १९६३ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात तयार झाला: २२ वॅट, १२ इंची एक स्पीकर, आत ६व्ही६ जातीचे दोन पॉवर व्हॉल्व. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडरने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली, आणि माल तेव्हापासून उतरला, अशी जगभरच्या गिटारवाल्यांची श्रद्धा आहे. ॲम्पवाला लग्नाचा वाढदिवस विसरतो, हा महिना विसरत नाही. त्याच जुन्या मॉडेलची नवी आवृत्ती कंपनी १९९३ पासून काढते आहे. तिला रीइश्यू म्हणतात. नकाशा तोच, पण जुन्यात एकेक जोड हाताने सोल्डर केलेला आणि नव्यात छापील बोर्ड.

या छापील बोर्डापायी त्याची झोप उडालेली असते. आणलेला ॲम्प उघडून सुधारावा, की तो विकून एखाद्या कारागिराने हाताने जोडलेला, बुटीक म्हणवणारा ॲम्प घ्यावा, हा त्याच्यापुढचा प्रश्न. तो साधारण भाचा परत गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पडतो आणि पुढे काही वर्षं टिकतो.

सुधारणेची सुरुवात स्वस्तात होते. आधी पुढचा व्हॉल्व बदलायचा. मूळ १२एएक्स७ काढून त्याजागी थोडा मवाळ, ५७५१ किंवा १२एवाय७ बसवायचा. मग स्पीकर: जेन्सन काढून सेलेश्चन. मग वाटू लागतं की एवढा चांगला स्पीकर लावला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर का जुना ठेवावा? जुन्या वाड्याची एक भिंत दुरुस्तीला काढली की गवंडी दुसरीला बोट लावून दाखवतो, तसा हा कारभार आहे. प्रत्येक टप्प्यावर कूलर बंद होतो. बायको स्वयंपाकघरात, मुलगी अभ्यासाला, दूधवाला दारात; सगळ्यांना तोच सवाल. घरातल्या बाईने "समजला ना. मघा कुकरच्या तीन शिट्ट्या आयकू आल्या होत्या, आता दोनच आल्या," असं एकदा सांगितलं की तिला पंचांच्या यादीतून वगळण्यात येतं.

एक बदल मात्र खरोखर ऐकू येतो. या ॲम्पच्या दुसऱ्या चॅनलमध्ये, आवाजाच्या नॉबपाशी, ४७ पिकोफॅरडचा एक चिमुकला कपॅसिटर असतो. तो उंच स्वरांना नॉब चुकवून पुढे जायची वाट देतो, आणि नॉब जितका खाली, तितका त्याचा चरचरीतपणा जास्त. घरात हळू वाजवणाऱ्याने त्याचा एक पाय कापला तर आवाज तिथल्या तिथे गोड होतो. पण हे काम ॲम्पवाला टाळतो. त्याला नेलकटरपलीकडे काही लागत नाही, मागवायला काही नसतं, वाट पाहायला काही नसतं. फुकटच्या सुधारणेवर विश्वास कसा ठेवायचा?

उघडलेल्या ॲम्पमध्ये हात घालणं हे धोक्याचं काम आहे, हे इथे सांगितलंच पाहिजे. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर चारशे व्होल्टच्या वरचा भार धरून राहू शकतात. तो आधी रेझिस्टरमधून उतरवावा लागतो. म्हणून ॲम्पवाला शेवटी जुन्या वस्तीतल्या एखाद्या रेडिओ मेकॅनिककाकांकडे जातो. मर्फी आणि बुश उघडण्यात हयात गेलेले हे काका १२एएक्स७ हे नाव ओळखत नाहीत, पण वस्तू पाहिली की म्हणतात, "हा ईसीसी८३ होय. याचं काय एवढं?" भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरूला १९६१ पासून असले व्हॉल्व बनवायला घेतले होते, आणि काकांच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांतले चार-दोन अजून निघतात. काम करताना काकांचा डावा हात पँटच्या खिशात असतो. दोन्ही हात आत गेले की झटका छातीतून जातो, हा त्यांच्या उस्तादाचा धडा. बसवून झाल्यावर ॲम्पवाला विचारतो, "काका, फरक समजला का?" काका कानातलं यंत्र नीट करतात आणि पुन्हा विचारायला सांगतात.

बुटीकची बाजू याहून अवघड. मॅचलेससारख्या अमेरिकन कंपन्या १९८९ च्या सुमारापासून हाताने जोडलेले ॲम्प विकताहेत. चांगला नग अडीच-तीन हजार डॉलरच्या पुढे, वर जहाजाचं भाडं, वर आयात शुल्क. या पंथाचा महापुरुष म्हणजे अलेक्झांडर डंबल. २०२२ साली तो वारला, तोवर त्याने जेमतेम तीनशेच्या आसपास ॲम्प बनवले असावेत. कुणी नक्कल करू नये म्हणून तो आतल्या सर्किटवर इपॉक्सीचा थर ओतायचा, आणि त्याचे ॲम्प आज लाख डॉलरच्या वर जातात. ॲम्पवाल्याने डंबल प्रत्यक्षात पाहिलेला नसतो, पण त्याबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

तेवढ्यात लाइटचा दाब पडतो. भाच्याने आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा, आपल्या भिंतीतली वीज २३० ची. मध्ये विटेएवढा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घुमत असतो. संध्याकाळी गावाबाहेरचे पंप सुरू झाले की २३० चे १९० होतात, आणि ॲम्पला मिळतात शंभर. रॉक गिटारवाला एडी व्हॅन हेलन याने १९७८ च्या पहिल्या अल्बमच्या काळात आपल्या मार्शल ॲम्पची वीज व्हॅरिॲक, म्हणजे दाब कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, लावून मुद्दाम ९० व्होल्टच्या आसपास उतरवली होती. त्या तपकिरी, मऊ आवाजापायी दोन पिढ्या वेड्या झाल्या. वऱ्हाडात ही सोय बिलातच येते. ॲम्पवाल्याला मात्र तिची किंमत नाही. तो स्टॅबिलायझर शोधत असतो.

खरी अडचण आणखी वेगळी आहे आणि ती कुठल्याच दुरुस्तीने जात नाही. व्हॉल्वचा ॲम्प मोकळा होतो तो जोरात वाजल्यावर. डिलक्स रिव्हर्बचा आवाज साधारण चार-पाचवर फुटायला लागतो, आणि तो फुटणारा आवाजच ऐकण्यासारखा असतो. ॲम्पवाल्याचा नॉब कधीही दीडच्या पुढे गेलेला नसतो. दोनवर खालचे काका गॅलरीत येतात, अडीचवर वरच्या वहिनी बाळ उठल्याचा निरोप धाडतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गणपतीत आणि वरातीत डीजेच्या भिंती याच गल्लीतून जातात तेव्हा खिडक्यांची तावदानं वाजतात, आणि हेच काका-वहिनी गॅलरीत येऊन मोबाइलवर शूटिंग करतात. बावीस वॅटच्या माणसाने कुणाकडे दाद मागायची?

बँड असता तर हॉल भाड्याने घेता आला असता. ड्रम असले की नॉब आपोआप चारवर जातो. ॲम्प सुधारावा की बदलावा हा प्रश्न पहिल्याच तालमीत सुटला असता, किंवा कुणाच्या लक्षातही आला नसता. रात्री उशिरा तो नव्या व्हॉल्वचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पुण्याच्या ड्रमवाल्याला पाठवतो. दोन निळ्या खुणा उमटतात. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी येतं: "मस्त बे. मीटिंगमध्ये आहो."

हा माणूस उपयोगाचा ठरतो तो ऑक्टोबरात. मोझरीच्या गुरुकुंजात, तुकडोजी महाराजांनी १९३५ साली उभारलेल्या आश्रमात, त्यांच्या पुण्यतिथीचा सोहळा जवळ आला की गावोगावच्या भजनी मंडळांचे आहुजाचे ॲम्प कपाटांतून बाहेर निघतात आणि निम्मे बोलत नाहीत. मंडळी रात्री नऊला ॲम्पवाल्याच्या ओट्यावर येतात. "भाऊ, खंजिरी आयकू येते, पण शब्द फाटून राहिले. सकाळी निघाचं आहे." स्वतःच्या ॲम्पबाबत ज्याचं तीन वर्षं ठरत नाही, तो इथे पाच मिनिटांत झाकण काढतो, पेन्सिलीच्या टोकाने एकेक भाग ठोकून पाहतो आणि टोनच्या नॉबजवळ थांबतो. तिथला कपॅसिटर गेलेला असतो. त्याच मापाचा गावात एवढ्या रात्री मिळणार नाही. मग तो आत जातो आणि स्वतःच्या ॲम्पसाठी अमेरिकेहून मागवून जपून ठेवलेल्यांतला एक, संत्र्याच्या रंगाचा, घेऊन येतो. पेन्शनीला आलेला खंजिरीवाला माइकपुढे दोन ओळी म्हणतो आणि मान डोलावतो. "आता शब्द समजून राहिले." ॲम्पवाला काही विचारत नाही. पैसेही घेत नाही. मंडळी ओट्यावर शेरभर संत्री ठेवून जातात.

या प्रश्नाचा निकाल बहुधा लागत नाही. मुलीच्या इंजिनीअरिंगची फी आली की बुटीकचा विषय वर्षभर मागे पडतो, फी संपली की पुन्हा निघतो. काढलेला जेन्सन स्पीकर जुन्या 'देशोन्नती'त गुंडाळून माळ्यावर ठेवलेला असतो, कारण कधी विकायची वेळ आलीच तर गिऱ्हाईक मूळ भाग मागतं आणि सुधारणेचे पैसे कुणी देत नाही. अमरावतीहून अकोल्याला बदली झाली तर सामान ट्रकने जातं, पण ॲम्प जात नाही. तो कारमध्ये पुढच्या सीटवर, पट्टा लावून बसतो. बायको मागे, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेऊन.