पाण्यावरची गाडी, वाऱ्यावरची मतं

कावासाकीने जानेवारी २०२४ मध्ये एलिमिनेटर ही मोटारसायकल भारतात आणली. ४५१ सीसी, दोन सिलिंडर, १७६ किलो वजन, जमिनीपासून सीट अवघी ७३५ मिलिमीटर, शोरूमची किंमत पाच लाख बासष्ट हजार, आणि इंजिन थंड ठेवायला पुढे रेडिएटर. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं आमच्या बागलाणातल्या सटाण्यात मान्य झालं. किंमतसुद्धा मान्य झाली, कारण ती कोणीच देणार नव्हतं. वाद पेटला तो पाण्यावरून.

बागलाणात पाण्यावरून वाद नवा नाही. मोसम आणि आरम नद्यांच्या काठी फड लावून, पाळ्या ठरवून पाणी वाटून घेणारी ही माणसं. केळझर, हरणबारी धरणांचं आवर्तन कधी सुटणार यावर इथे लग्नाच्या पंगतीतही बोलणी होतात. पण ते पाणी कांद्याचं, डाळिंबाचं, द्राक्षाचं. मोटारसायकलीलाही पाणी लागावं, हे काही लोकांना अजून पटलेलं नाही.

ताहाराबाद रस्त्याला एक गॅरेज आहे. संध्याकाळी तिथे गाड्या कमी आणि मतं जास्त दुरुस्तीला येतात. आप्पा आपल्या जुन्या बुलेटवर येतात. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक असलेली ती गाडी. ती दुसरा कोणी चालवू शकत नाही, म्हणून आप्पांना ती चोरीला जाण्याची भीती नाही. नानांची येझदी आहे. तिची किक तीच तिचा गिअर, हे नाना नव्या पोरांना अजून जादूचा प्रयोग दाखवावा तसं करून दाखवतात. शिवाय मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहून टॉर्क, कॉम्प्रेशन असे शब्द फेकणारी तीन-चार पोरं, ज्यांच्याकडे वडिलांची स्प्लेंडर आहे. आणि कोणतीही गाडी दिसली की एकच प्रश्न विचारणारे एक म्हातारबाबा: "कितलं देस?" म्हणजे ॲव्हरेज किती देते?

एलिमिनेटरचा फोटो मोबाईलवर फिरला तेव्हा आप्पांनी चष्मा वर करून पाहिलं आणि निकाल दिला, "इंजिन वाऱ्यावर थंड झालं पाहिजे. देवाने वारा फुकट दिलाय. पाणी घातलं की फायरिंग गेलं."

म्हातारबाबांनी काळजीने विचारलं, "पानी रोज टाकनं पडस का भो?"

पोरांनी समजावलं की तसं नसतं. कूलंट एकदा भरलं की आतल्या आतच फिरतं. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट त्याची वाट अडवून धरतो, तापलं की मोकळी करतो. फारच तापलं तर पंखा सुरू होतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग कितलं देस?"

आप्पांचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं, हे मी कबूल करतो. इंजिनाभोवती पाण्याचा थर आला की आतला खडखडाट त्यात विरतो. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला अंगभर पाती असतात आणि तापल्यावर आतलं सगळं धातूकाम जास्त फुगतं, म्हणून त्याच्या मापात थोडी ढिलाई ठेवावी लागते. त्या ढिलाईतून जो आवाज येतो, त्यातही आप्पांना संगीत ऐकू येतं. पाण्यामुळे तापमान एका जागी राहतं, मापं घट्ट ठेवता येतात, पेट्रोल नीट जळतं आणि धूर कमी होतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आल्यावर कंपन्यांना हे सगळं जास्तच हवंसं झालं. आप्पांच्या मते हा सरकारचा बुलेटविरुद्ध कट आहे. बुलेट अजूनही वाऱ्यावरच चालते आणि जोरात खपते, हे सांगितलं तर ते म्हणतात, "बघ, कट फसला."

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पाण्याच्या इंजिनाला नाक मुरडणारी ही सगळी माणसं पाण्याच्या इंजिनावरच मोठी झालेली आहेत. गावोगावी वीज पोचण्याआधी विहिरीवर काय होतं? डिझेल इंजिन, बहुतेकांच्या तोंडी 'किर्लोस्कर', मग ते कोणत्याही कंपनीचं असो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्याला सुरू झाली आणि तिचं नाव विहिरीच्या काठावर जाऊन बसलं. हँडल मारून ते सुरू करायचं, पट्टा चढवायचा, पंपाचं थोडं पाणी बारक्या नळीने इंजिनाच्या अंगातून फिरवून बाहेर सोडायचं. थंडीच्या दिवसांत त्या नळीतून येणाऱ्या कोमट पाण्याखाली आप्पांच्या पिढीने आंघोळी केल्या आहेत. ते पाणी बंद पडलं तर इंजिन धरून बसतं, हे त्यांना शाळेच्या पाढ्यांआधी कळलं होतं. आज दारात जो ट्रॅक्टर उभा आहे, त्याच्या नाकावर रेडिएटर आहे. कांदा घेऊन बाजार समितीच्या रांगेत तो तासन् तास उभा राहतो, तेव्हा त्याचं पाणी पाहायला आप्पाच खाली उतरतात. घाट चढून आलेल्या एसटीचं बॉनेट उघडून ड्रायव्हर पाणी ओततो आहे, हे दृश्य तर या सगळ्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलेलं आहे.

म्हणजे पाणी यांना कळत नाही असं नाही. कळतं म्हणूनच नको आहे. पाणी म्हटलं की काम आलं, काळजी आली, पाळी आली. ज्या यंत्राने पोट भरायचं ते शहाणं असावं, गार डोक्याचं असावं. पण ज्या यंत्राने रुबाब करायचा त्याने थोडं तापायला, धडधडायला, ओरडायला हवं. आप्पांना ट्रॅक्टर सुनेसारखा हवा आणि मोटारसायकल मित्रासारखी. (हे वाक्य मी त्यांच्यासमोर बोललो नाही; सूनबाई चहा घेऊन येत होत्या.)

हा हट्ट एकट्या सटाण्याचा असता तर हसून सोडून दिला असता. पण अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने २००१ साली पोर्शच्या मदतीने पाण्यावर थंड होणारी व्ही-रॉड काढली, तेव्हा तिथल्या आप्पांनीही हेच केलं. गाडी उत्तम पळायची, पण जुन्या भक्तांनी तिला 'खरी हार्ले' म्हणून काही पंक्तीला बसवलं नाही. २०१७ मध्ये ती बंद झाली. मधल्या काळात कंपनीने लांब पल्ल्याच्या काही गाड्यांना पाणी दिलं ते चोरून: रेडिएटर पायांपुढच्या आवरणात दडवून. ज्या पोर्शने मदत केली, तिच्याच ९११ मोटारीचं इंजिन नव्वदच्या दशकाच्या शेवटी वाऱ्यावरून पाण्यावर गेलं, तेव्हा जर्मनीतल्या आप्पांनीही गळा काढला होता.

आपल्याकडे तर याहून गोड तडजोड झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा परत आली. नाना त्या आठवड्यात जमिनीवर नव्हते. इंजिन २९३ सीसीचं, पाण्यावर थंड होणारं. पण बाहेरून अंगभर पाती, थेट जुन्या जावासारखी. नानांनी पात्यांवरून हात फिरवला, डोळे ओलावले, मग वाकून पुढच्या चाकामागे पाहिलं तर रेडिएटर. "फसवलं," म्हणाले, "पण प्रेमाने फसवलं."

एलिमिनेटर हे नावही इथे नवं नाही. २००१ साली बजाजने कावासाकी एलिमिनेटर आणली होती, १७५ सीसीची, वाऱ्यावर थंड होणारी. लांब, बुटकी, ऐसपैस. तिच्यावर बसलेला माणूस ऑफिसला चाललाय असं कोणाला वाटतच नसे. २००५ मध्ये तिच्याच आकारात ॲव्हेंजर आली आणि खेड्यापाड्यांत पोचली. बागलाणात डाळिंबाने हात दिला त्या वर्षी ॲव्हेंजर आणि बुलेट दारात आल्या. बागांवर तेल्या पडला त्या वर्षी त्यातल्या काही मालेगावला विकल्या गेल्या. इथल्या गाड्यांचा इतिहास लिहायचा तर आधी डाळिंबाचा लिहावा लागेल.

एवढ्या वेळात गॅरेजचे मिस्त्री काही बोलले नव्हते. हात पुसत आले, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "गाडी चांगली. पंखा आणि रेडिएटर पुढे आहेत, म्हणजे चिखल आणि खडी पहिल्यांदा त्यांनाच बसणार. जाळी लावून घ्या. कूलंटच्या जागी कोणी विहिरीचं पाणी ओतू नका, आत क्षार धरतात." जगभरच्या भक्तांनी वीस-बावीस वर्षं जो वाद घातला, तो त्यांनी एका जाळीत गुंडाळला.

आप्पा मात्र फोटो परत परत मागत होते. त्यांची नजर रेडिएटरवर नव्हती, सीटवर होती. ७३५ मिलिमीटर. पन्नाशी उलटली, गुडघे बोलू लागले की क्रूझरचं खरं सौंदर्य कळतं: दोन्ही पाय जमिनीला टेकतात. हळूच त्यांनी विचारलं, "आवाज थोडा वाढवून मिळतो का रे बाहेरून?" पोरं हसली. आप्पांनी फोन परत दिला आणि तेवढ्या पैशात छोटा ट्रॅक्टर येतो, असं जाहीर केलं.

माझं मत विचाराल तर पाण्याची गाडी चांगली. उन्हाळ्यात विंचूर-प्रकाशा रस्त्यावर गावातल्या गर्दीत कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकलात, की वाऱ्यावरच्या इंजिनाला वाराच मिळत नाही. पाण्याचं इंजिन पंखा लावून शांत उभं राहतं. मांडीला चटका तरीही बसतो; तो कोणतीच कंपनी चुकवत नाही.

तेव्हा कोणी वाचक ही गाडी घेऊन साल्हेर-मुल्हेरकडे निघाला असेल, तर त्याने सटाण्यात जरूर थांबावं. चहा आमच्याकडून. पेट्रोलही टाकून देऊ. फक्त आप्पांना पाच मिनिटं चावी द्यावी, आणि बाबांना ॲव्हरेज खरं सांगावं.