गुप्त खातं

चारचौघांत कुरोसावाच्या खाली न उतरणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये कधी डोकावू नये. आमच्या नानांनी यूट्यूबवर अलीकडे काय काय पाहिलं, त्याची यादी वरून खाली अशी आहे : 'सुरक्षा', 'वारदात', 'फर्ज', गुडघेदुखीवर पाच सोपे व्यायाम, 'रक्षा', पुन्हा 'सुरक्षा'.

नाना ही एक व्यक्ती नव्हे, जमात आहे. पुण्यातल्या कुठल्याही फिल्म सोसायटीत तिचे दोन-चार नमुने हमखास सापडतात. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, अंगात खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. 'पिफ'चा पास पहिल्याच दिवशी काढलेला. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची, हे वॉचमनलाही माहीत. इराणी चित्रपटात सलग पाच मिनिटं नुसता रिकामा रस्ता दिसला, तरी नाना समजल्यासारखी मान हलवतात आणि बाहेर आल्यावर चहाच्या टपरीशी "मौन फार बोलकं होतं हो" असं म्हणून ग्लास खाली ठेवतात. हे त्यांचं कव्हर. गुप्तहेर म्हटला की कव्हर आलंच.

खरे नाना रात्री साडेदहानंतर ड्यूटीवर येतात. माई आतल्या खोलीत गेल्या की बाहेरचा मोठा दिवा मालवायचा, कानात इअरफोन खुपसायचे आणि मांडीवर 'वास्तव रूपवाणी'चा जुना अंक उघडून ठेवायचा. माई पाणी प्यायला उठल्याच, तर मोबाइल अंकाखाली जातो. शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकाखाली बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असायचा. हाताची सफाई तेव्हाचीच.

आणि अंकाखाली दडलेल्या त्या पडद्यावर काय चाललेलं असतं? डोंगराच्या पोटात खलनायकाचा अड्डा. भिंतीवर जगाचा नकाशा, त्यावर लाल-हिरव्या दिव्यांची उघडझाप. ही माळ विसर्जनानंतर कुठल्यातरी गणपतीच्या मांडवातून उचललेली आहे, असं नानांचं ठाम मत. कोपऱ्यात टेपची दोन चाकं गरागरा फिरतात, तो संगणक. पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ एका नळीतला निळा द्रव दुसऱ्या नळीत ओततो. त्यानं काय होतं, हे शेवटपर्यंत कळत नाही, पण ओतण्यात खंड पडत नाही. नायक अत्यंत गुप्त हेर असतो आणि हे हॉटेलच्या वेटरपासून नर्तकीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तो गाडी चालवतो तेव्हा रस्ता सरळ असतो आणि स्टिअरिंग नागमोडी फिरत असतं. मागच्या काचेतली झाडं गाडीच्या आधी वळतात. कठड्यापर्यंत इंपाला असलेली गाडी दरीत कोसळताना फियाट होते आणि तळाशी पोहोचेस्तोवर खेळण्यातली. विमान उडतं एका कंपनीचं, उतरतं दुसऱ्याच.

इथे नाना थांबवतात, मागे घेतात, पुन्हा बघतात. कुणी विश्वासातलं शेजारी बसलेलं असेल, तर काचेवर बोट टेकवून म्हणतात, "तो दोरा बघ. दिसला? हेलिकॉप्टरच्या वर. अरे, नीट बघ ना!" दोरा दिसला की त्यांचा चेहरा असा खुलतो, की कुरोसावानं आपलं अख्खं सैन्य चिखलात उभं करूनही तो तसा खुलत नाही.

अज्ञानातून आलेली आवड असती, तर नानांना माफ तरी करता आलं असतं. पण या खात्यातला त्यांचा अभ्यास दांडगा आहे. १९६२ साली 'डॉ. नो' आला आणि जगभरच्या किडुकमिडुक भांडवलाच्या निर्मात्यांना एकदम देशभक्तीची उबळ आली, इथून ते सुरू करतात. इटलीत तर काही वर्षं हेरपटांचं पीकच आलं. त्यातला कळस म्हणजे १९६७चा 'ओके कॉनरी'. खरा शॉन कॉनरी परवडेना, म्हणून या मंडळींनी त्याचा धाकटा भाऊ नील याला गाठलं. हा एडिनबर्गमध्ये गिलाव्याची कामं करायचा. त्याच्याभोवती खऱ्या बॉण्डपटांतले एम आणि मिस मनीपेनी, म्हणजे बर्नार्ड ली आणि लॉइस मॅक्सवेल, उभे केले, संगीताला एन्निओ मॉरिकोने घेतला आणि शेवटी नीलचा आवाजही दुसऱ्याकडून डब करून घेतला. "म्हणजे आडनाव सोडून त्याचं पडद्यावर काही उरलं नाही," नाना कौतुकानं सांगतात. फिलिपिन्समध्ये वेंग वेंग नावाचा दोन फूट नऊ इंचांचा नट १९८१ साली एजंट झिरोझिरो झाला. त्या चित्रपटाचं नाव 'फॉर युअर हाइट ओन्ली'. हे नाव घेताना नाना दर वेळी उठून उभे राहतात. आदरानं की उंची दाखवायला, ते कळत नाही.

आपल्याकडे या संप्रदायाचे आद्य पुरुष रविकांत नगाइच. मूळचे तेलुगू पौराणिकपटांचे छायाचित्रकार, ट्रिक फोटोग्राफीत वाकबगार. तेलुगूत १९६६ साली 'गूढचारी ११६' गाजला. पुढच्याच वर्षी नगाइचनी त्यावरून हिंदीत 'फर्ज' काढला आणि जितेंद्र एजंट ११६ झाला. "गिरगावच्या चाळीत वाढलेला पोरगा," नाना छाती पुढे काढून म्हणतात, "शांतारामबापूंनी शोधला आणि तीन वर्षांत देश वाचवायला लागला!" पुढे १९७९मध्ये 'सुरक्षा' आला. मिथुन झाला गनमास्टर जी-नाईन, संगीत बप्पी लाहिरींचं. १९८१च्या 'वारदात'मध्ये शत्रूनं देशावर टोळधाड सोडली. बॉण्डचे शत्रू अणुबाँब पळवतात, आपला शत्रू उभं पीक खातो. "कृषिप्रधान देशातला वास्तववादी हेरपट," हे नानांचं परीक्षण, आणि या वाक्यापुरतं त्यांचं कव्हर आणि खरं रूप एक होतं.

सोज्वळ माणसांनीही या खात्यात गुपचूप भरणा केलेला आहे, याचा त्यांना विशेष आनंद. 'चितचोर' काढून वर्ष उलटतंय तोच राजश्रीनं १९७७ साली महेंद्र संधूला घेऊन 'एजंट विनोद' काढला. घरोघरी जोड्यानं बसून 'हम आपके हैं कौन' पाहिलेल्या मंडळींना नाना ही माहिती देतात आणि त्यांचे चेहरे न्याहाळत बसतात. गोवेकर भेटला तर त्याला 'गोवादल्ली सीआयडी ९९९' ऐकवतात. गोवा मुक्त होऊन सात वर्षं होतात न होतात, तोच कन्नडच्या राजकुमारनी १९६८मध्ये तिथे हेरगिरी सुरू केली होती.

आताचे हेरपट मात्र नानांना सोसत नाहीत. नातू त्यांना मल्टिप्लेक्समध्ये घेऊन गेला. पडद्यावर तीन देश, चार हेलिकॉप्टरं, बर्फ, वाळवंट. नाना पॉपकॉर्नचं बिल वाचत बसले. "पैसे टाकले की हेलिकॉप्टर येतंच रे. यात शूर कोण, हिरो की अकाउंटंट?" पस्तीस वर्षं कर्जाच्या फाइली तपासलेला माणूस बोलत होता. नगाइचांच्या अड्ड्यावर त्यांचा जीव जडतो, तो त्यातल्या धाडसावर. खिशात दमडी नाही, गाठीला दोन फियाट, एक दोरा आणि थर्मोकोलची गुहा, आणि बेत काय, तर अख्खं जग वाचवायचा! असा प्रस्ताव घेऊन कुणी त्यांच्या टेबलाशी आलं असतं, तर नानांनी नियमानुसार तो फेटाळला असता आणि संध्याकाळी पहिल्या खेळाचं तिकीट काढलं असतं.

माईंना यातलं काही माहीत नाही, असा नानांचा समज होता. एके रात्री इअरफोनऐवजी ब्लूटूथ आतल्या खोलीतल्या स्पीकरला जोडलं गेलं. बाहेर नानांना मिथुनचे ओठ हलताना दिसत होते, आवाज नव्हता. हे मौनही बोलकं असेल, म्हणून ते बघत राहिले. आत माईंच्या उशाशी मशीनगन सुरू झाली. माई शांतपणे दारात येऊन म्हणाल्या, "अहो, तुमचा तो जी-नाईन आत आलाय. चहा टाकू का त्याला?" बत्तीस वर्षांपूर्वी व्हीसीआर भाड्यानं आणला, तेव्हापासून त्यांना सगळं ठाऊक होतं. हेराच्या घरात हेडक्वार्टर नेहमी स्वयंपाकघराकडेच असतं.

पण खरा घात झाला तो फिल्म सोसायटीच्या वर्धापनदिनाच्या बैठकीत. कोणता चित्रपट दाखवायचा, यावर बर्गमन की घटक असा नेहमीचा खल चालला होता. तेवढ्यात सौंदर्यशास्त्र शिकवलेले एक वयोवृद्ध प्राध्यापक घसा खाकरून म्हणाले, "आपण लोकप्रिय चित्रपटाकडे जरा गांभीर्यानं... म्हणजे, उदाहरणार्थ, 'सुरक्षा'..." क्षणभर शांतता. मग खजिनदार म्हणाले, "त्यापेक्षा 'वारदात' जास्त गंभीर आहे." चिटणीसबाईंनी न विचारता दोन्हींची सालं सांगितली. अकरा जणांच्या समितीत अकरा एजंट निघाले, आणि वर्षानुवर्षं सगळे एकमेकांवर बर्गमनची पाळत ठेवून होते!

कार्यक्रमपत्रिकेवर छापून आलं : 'शीतयुद्ध, राष्ट्र आणि देह : सुरक्षा (१९७९), एक पुनर्वाचन'. सभागृह गच्च भरलं. हेलिकॉप्टर आलं तेव्हा कुणी हसलं नाही, सगळ्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. दोऱ्याला प्राध्यापकांनी 'निर्मितिप्रक्रियेची पारदर्शकता' असं नाव दिलं. नंतर तासभर चर्चा झाली, तीत नानांनीही दहा मिनिटं भाषण केलं आणि टाळ्या घेतल्या.

त्या रात्री नानांनी मोबाइल उघडला, 'सुरक्षा' लावला आणि पाच मिनिटांत बंद केला. जे बघितल्याबद्दल टाळ्या मिळतात, ते रात्री साडेदहानंतर कशाला बघायचं? बँकेत काय आणि गुप्तचर खात्यात काय, गुपित फुटलं की बदली ठरलेली. नाना सध्या रामसे बंधूंच्या भुतांकडे रुजू झाले आहेत. 'पुराना मंदिर'मधल्या सैतानाच्या मेकअपचा जोड कुठे दिसतो, ते त्यांनी शोधून काढलंय. फक्त प्राध्यापकांच्या कानावर घालू नका, नाहीतर पुढच्या वर्धापनदिनाला सैतानाचंही पुनर्वाचन होईल आणि या वयात नानांना आणखी एक बदली झेपणार नाही.