पाऊण तासाची मोहीम

'तीन दिवसांत पाच जलदुर्ग!' असा ग्रुपवर मेसेज आला, तेव्हाच ओळखायला हवं होतं. सिंधुदुर्ग बांधायला १६६४ ते १६६७ अशी तीन वर्षं लागली. आमच्या सेनापतींच्या वेळापत्रकात त्याला दीड तास, तोही चहा धरून. जंजिऱ्यासाठी राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलो आणि वारा पडला. नावाडी निवांत. सेनापती मात्र कडेवरून वाकून सकाळची मिसळ सिद्दीच्या समुद्राला अर्पण करत होते. जंजिऱ्यावर पाऊण तास मिळाला. त्यातला अर्धा कलाल बांगडी तोफेपाशी गेला, म्हणजे तिला टेकून फोटो काढण्यात. पलीकडे शिवरायांचा पद्मदुर्ग दिसत होता.

"इथून दिसतोय की," सेनापती क्षीण आवाजात म्हणाले, "झाला धरा."